नथ्थूजींची दोरी

माझ्या डोळ्यांविषयी मी स्वतःहून कधी बोलत नाही. तशी वेळच येत नाही. मी बोलायला लागलो की समोरचा माणूस आधी मागे वळून पाहतो, तिथे दुसरं कोणी नाही याची खात्री करून घेतो आणि मग हळूच विचारतो, "मला म्हणालात का?"

आता हे कमी झालं आहे. पण पंचविशीत, वर्ध्याच्या एका हायस्कुलात विज्ञान-गणिताचा मास्तर म्हणून लागलो तेव्हा हे रोजचं होतं. थकलो की माझा डावा डोळा माझी परवानगी न घेता बाहेर फिरायला निघायचा. उजवा फळ्यावर, तर डावा खिडकीतून रस्त्यावरच्या बोरंवालीकडे. वर्गात मी म्हणायचो, "तू ऊठ," आणि दोन पोरं उठायची. "तू नाही, तू," म्हणालो की ती दोघं बसायची आणि तिसराच उठायचा. शिस्तीचा मास्तर म्हणून माझा लौकिक होता तो एवढ्यामुळेच. मी कोणाकडे पाहतोय हे कळत नसल्यामुळे सगळा वर्ग सावध बसायचा.

लौकिक घरी नेता येत नाही, डोकेदुखी मात्र यायची. पानभर वाचलं की कपाळात कोणी खुंटी ठोकतंय असं वाटायचं. मी ते विद्वत्तेचं लक्षण समजत होतो. शेवटी एका रविवारी डॉक्टर पिंपळखुट्यांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. त्यांनी तपासलं, अर्धा तास इंग्रजी शब्द घालून समजावलं आणि शेवटी म्हणाले, "चष्मा देऊन उपयोग नाही. दोन्ही डोळे चांगले आहेत, त्यांचं एकमेकांशी पटत नाही. मागच्या छपरीत जा. नथ्थूजी सांगतील तसं करा."

नथ्थूजी म्हणजे कोणी नागपूरहून शिकून आलेले, कोट घातलेले गृहस्थ असतील अशी माझी समजूत. नागपूर तेव्हा आमच्या प्रांताची राजधानी होतं आणि आम्हा वर्धेकरांना सगळं शहाणपण तिकडूनच येतं असं वाटायचं. छपरीत पाहतो तर धोतर, बंडी, खांद्यावर दुपट्टा, पन्नाशी उलटलेला एक दणकट माणूस पाटावर बसून सुताची दोरी वळत होता. मला वाटलं, दवाखान्याचा गडी असेल. म्हणून मी विचारलं, "नथ्थूजी कुठं भेटतील?"

"भेटले ना जी," तो म्हणाला. "चला, त्या लिंबापावतर चालून या."

"मी डोळे दाखवायला आलोय."

"मले मालूम हाय. चाला."

मी बी.एस्सी. माणूस. तरी त्या आवाजात असं काही होतं की मी निमूटपणे कडुलिंबापर्यंत जाऊन परत आलो. नथ्थूजींनी जिभेने टक् असा आवाज केला. "डावा बैल जुपला नाई जी. जू खांद्यावर हाय, पन वढत नाई. सारा भार एकटा उजवा वढून राह्यला. मंग डोकं दुखन नाई तं काय होईन?"

डॉक्टरांनी इंग्रजी शब्द घालून अर्धा तास जे सांगितलं होतं, ते या माणसाने चार वाक्यांत सांगितलं. मला राग आला तो याचाच.

नथ्थूजी मूळचे गिरडकडचे. लोकांचे गोऱ्हे शिकवणं हा त्यांचा धंदा होता. ज्यांनी कधी जू पाहिलं नाही अशा दोन आडदांड गोऱ्ह्यांना नांगराच्या एका तासात, म्हणजे एका सरळ रेघेत, एका चालीने चालायला लावायचं. त्यात त्यांचं नाव होतं. आईचा मोतीबिंदू काढायला ते तिला वर्ध्याला घेऊन आले आणि इथेच राहिले, ते एका भांडणामुळे. डॉक्टरांनी कुठल्याशा पुस्तकात वाचून डोळ्यांचे व्यायाम सुरू केले होते. हात त्यांचा देवाचा, पण स्वभाव तापट. एका रोग्याला बोटाकडे बघायला सांगत होते, तो भलतीकडे बघत होता, आणि डॉक्टर ओरडत होते. कोपऱ्यात आईपाशी बसलेले नथ्थूजी म्हणाले, "सायेब, बोंबलून गोऱ्हा शिकत नसते." डॉक्टर म्हणाले, "मग तूच शिकव!" आणि नथ्थूजींनी खरंच शिकवलं.

मागची छपरी त्यांना अशी मिळाली. पण ती कायमची नव्हती. नागपूरचे एक बडे डॉक्टर, पिंपळखुट्यांचे गुरू, या व्यायामांना थोतांड म्हणत. पोळ्याच्या सुमारास ते स्वतः येऊन पाहणार होते. त्यांना पटलं तर छपरी राहणार, नाही तर तिथे ऑपरेशनच्या रोग्यांसाठी चार खाटा पडणार आणि नथ्थूजी गावी जाणार. गावी भावांकडे त्यांच्यासाठी ना जमीन होती ना जागा, आणि गोऱ्ह्यांच्या मागे धावायचं वयही उरलं नव्हतं. हे सगळं त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं. "म्हून सांगतो मास्तर, मेयनत करजा. तुमच्या डोयावर माही छपरी हाय."

मग त्यांनी मला काय होईल ते सांगितलं. हे ते प्रत्येक रोग्याला सांगत, आधी सांगितल्याशिवाय दोरीला हात लावू देत नसत.

"पह्यला महिना काईच नाई होनार. मंग डोकं आनखी दुखन. मंग एक दिवस सारं दोन दोन दिसन, तवा भेवू नोका. झोपलेला बैल जागा झाला का आधी धिंगाना घालते. मंग हयूहयू दोनाचं एक होईन. अन् बरे झाले तरी थकल्यावर तो बैल कधीमधी तास सोडनच. एवढं सारं होईन. चमत्कार नाई होनार. चमत्कार पाह्यजेन तं माह्या गावाकडं टेकडीवर बाबाचा दर्गा हाय, मी बी जातो तिथं. इथं फक्त मेयनत."

एवढा प्रामाणिक इलाज मी नंतर कुठे पाहिला नाही. ऐकून एक मालगुजार उठून गेले होते म्हणे. म्हणजे मालगुजारी सरकारने काढली होती, पण त्यांच्या अंगातली निघाली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला गडी पाठवला, "मालकायच्या वतीनं डोयाची कसरत कराले आलो." नथ्थूजींनी त्याला परत धाडलं नाही. महिनाभर त्याच्याकडून व्यायाम करून घेतले. "मालक तसाच राह्यला," ते सांगत, "पन गड्याची नजर अशी झाली का इचारू नोका."

आता दोरीविषयी. हातभराहून थोडी लांब सुती दोरी, तिच्यात तीन मणी ओवलेले, लाल, पिवळा आणि हिरवा. डॉक्टरांच्या पुस्तकात तसं चित्र होतं. नथ्थूजींनी बैलाच्या गळ्यातल्या माळेचे मणी काढून ती बनवली. एक टोक छपरीच्या खांबाला, दुसरं टोक आपल्या नाकाच्या शेंड्याशी धरायचं आणि मधल्या मण्याकडे बघायचं. दोन्ही डोळे कामाला लागलेले असले तर एका दोरीच्या दोन दिसतात आणि त्या मण्यापाशी एकमेकींना छेदतात. एक डोळा झोपलेला असला तर दोरी एकच दिसते. प्रत्येक रोग्याची दोरी वेगळी. नथ्थूजींना लिहिता येत नव्हतं. प्रगती झाली की ते दोरीच्या शेपटाला गाठ मारत. आणि व्यायाम संपला की दर वेळी हातावर गुळाचा खडा. पोर असो, मास्तर असो, न्यायाधीश असो. पाठीवरून एक हात फिरवायचा आणि गूळ द्यायचा. मला ते फार अपमानास्पद वाटे. गूळ मी दर वेळी खात असे.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "किती दोऱ्या दिसते?"

मला एक दिसत होती. स्वच्छ, एकच. पण येताना मी डॉक्टरांच्या टेबलावर उघडं पडलेलं ते पुस्तक पाहिलं होतं. चित्रात दोन होत्या. आयुष्यभर परीक्षा देत आणि घेत आलेल्या माणसाला प्रश्न कानावर पडला की फक्त एकच गोष्ट सुचते, बरोबर उत्तर. "दोन," मी म्हणालो.

नथ्थूजींचा चेहरा उजळला. "वा! पह्यल्याच दिवशी! शिकलेल्या मान्साची गोष्टच अलग." गाठ. गूळ.

तिथून मला परत फिरता येईना. दर आठवड्याला मी चढत्या श्रेणीत पास होत गेलो. आज दोऱ्या लांबच्या मण्यापाशी छेदतात, आज मधल्या, आज अगदी नाकाजवळच्या. पुस्तकातली पुढची चित्रं मी डॉक्टर आत गेले की बघून ठेवत असे. घरी वीस मिनिटं करायचा व्यायाम मी पहिला आठवडाभर केला. मी वर्ध्याबाहेर सिंदी मेघ्यात एका भाजीवाल्या शेतकऱ्याकडे खोली घेऊन राहत होतो. खुंटीला दोरी बांधून रंगीत मण्यांकडे टक लावून बसलेला मास्तर पाहून घरमालकिणीने आपलं तान्हं मूल माहेरी नेऊन ठेवलं. तेवढं निमित्त मला पुरलं. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम मी चार महिन्यांत संपवला. माझ्या दोरीला सगळ्यांत जास्त गाठी होत्या. वर्गात मात्र अजून दोघं उठत होते.

नथ्थूजींना संशय कसा आला नाही, हे मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं. याचं उत्तर साधं आहे आणि त्याची मला आजही लाज वाटते. मास्तर खोटं बोलेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

पोळा आला. नागपूरचे बडे डॉक्टर आले. पिंपळखुटे म्हणाले, "नथ्थू, तुझा सगळ्यांत चांगला रोगी दाखव." नथ्थूजींनी मला पुढे केलं. धुतलेली बंडी घालून आले होते ते. माझी गाठींची दोरी त्यांच्या हातात होती.

बड्या डॉक्टरांनी दोरीकडे पाहिलंही नाही. त्यांनी खोली अंधारी केली, समोर एक दिवा लावला आणि माझ्या उजव्या डोळ्यावर लाल काच धरली. "किती दिवे दिसतात?"

हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. मला एकच दिवा दिसत होता, लालसर. मी नथ्थूजींकडे पाहिलं, म्हणजे पाहण्याचा प्रयत्न केला. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. आपल्याकडून इशारा जाऊ नये म्हणून. "दोन," मी म्हणालो.

"लाल कोणत्या बाजूला?"

काच उजव्या डोळ्यावर, म्हणजे लाल दिवा उजवीकडे. साधं तर्कशास्त्र. "उजवीकडे," मी ठणकावून सांगितलं.

बड्या डॉक्टरांनी काच खाली ठेवली. "तुमच्यासारखा बाहेर पळणारा डोळा असला आणि खरोखर दोन दिवे दिसत असले, तर लाल डावीकडे दिसतो. तुम्हाला दिसत काही नाही. तुम्ही विचार करून सांगताय." मग ते आपल्या शिष्याकडे वळले. "या माणसाचे रोगी बरे होत नाहीत, पिंपळखुटे. ते याला खूश करतात. दिवाळीपर्यंत खाटा टाकून घ्या."

हुशारीने माझं पितळ उघडं पाडलं. मी गप्प बसलो असतो, 'एकच दिसतो' म्हणालो असतो, तर नथ्थूजींचा एक रोगी कच्चा निघाला असता, एवढंच. मी त्यांचे सगळे रोगी खोटे पाडले.

बाहेर छपरीत येऊन नथ्थूजी माझ्या दोरीच्या गाठी सोडायला बसले. घट्ट मारलेल्या गाठी होत्या. एकेक सोडवायला नखं लागत होती. मी उभा होतो. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटची गाठ सुटल्यावर त्यांनी दोरी खांबाला बांधली आणि दुसरं टोक माझ्या नाकाशी धरलं.

"किती?"

"एक," मी म्हणालो. "पहिल्यापासून एकच, नथ्थूजी."

"काऊन दोन म्हनत होते मंग?"

"बरोबर उत्तर दोन होतं ना."

नथ्थूजी एकदम हसले, खदाखदा, पोट धरून. "अरे बाप्पा! गोऱ्हा खोटं बोलत नाई, म्हून मले हे मालूमच नवतं. मास्तर, ही का मॅट्रिकची परीक्षा हाय? तुमच्या डोयात काय दिसते ते मले बाहेरून दिसत नसते जी. तुमच्या जिभेवर सारा इलाज हाय. इथं बरोबर जबाब नाई लागत. खरा लागते." आणि त्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "हा घ्या. आजपासून सुरू."

तो खडा मला गिळवेना.

दिवाळीला दोन महिने होते. मी रोज सकाळी शाळेआधी छपरीत जायला लागलो आणि संध्याकाळी खोलीत वीस मिनिटं दोरी धरायला लागलो. घरमालकिणीला सांगितलं की हा डॉक्टरी इलाज आहे; तिचा विश्वास बसला नाही, पण सवय झाली. रोज नथ्थूजी विचारत, "किती?" रोज मी म्हणे, "एक." आणि रोज गूळ. आधी खोटं बोलून खाल्ला त्यापेक्षा जास्त गूळ मी आता नापास होऊन खाल्ला. पहिला महिना काहीच झालं नाही. मग डोकं दुखलं, असं की वर्गात मी दोनच्या वर्गमुळासाठी खडू शोधत बसलो आणि खडू हातातच होता. सगळं त्यांनी सांगितलेल्या क्रमाने होत होतं. मी मात्र रोज दोरीला मनातल्या मनात विनवत होतो. मला माझ्या डोळ्याचं काही उरलं नव्हतं. मला ती छपरी वाचवायची होती.

दिवाळीला आठ दिवस राहिले होते. सकाळची वेळ. मी दोरी धरली, पिवळ्या मण्याकडे पाहिलं आणि एक दोरी कोणी सोलावी तशी तिच्यातून दुसरी निघाली. पुसट, थरथरती. दोन्ही मण्यापाशी भेटल्या. मी श्वास घेतला तशी ती नाहीशी झाली.

"नथ्थूजी," मी ओरडलो, "होती! आता गेली!"

"थिर, थिर," ते म्हणाले, बैलाला म्हणतात तसं. "येईन वापस. जागा झाला तो." आणि त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

आम्ही दोघं डॉक्टर पिंपळखुट्यांकडे गेलो. त्यांनी लाल काच लावली. दिव्याचे दोन दिवे झाले आणि लाल खरोखरच डावीकडे गेला. माझं तर्कशास्त्र अजूनही 'उजवीकडे' म्हणत होतं. "डावीकडे," मी म्हणालो.

"ते तर तुम्हाला आता माहीतच आहे," डॉक्टर थंडपणे म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. एकदा खोटं बोललेल्या माणसाचं खरं कोण मानणार?

तेव्हा नथ्थूजी पुढे झाले. "सायेब, मास्तर खरं बोलून राह्यले. पावनेदोन महिने रोज इचारलं, रोज 'एक' म्हन्ले. छपरी जाऊन राह्यली हे मालूम असून 'एक' म्हन्ले. कालबी 'एक'च. ज्यानं पावनेदोन महिने 'एक' सांगतलं, त्याचं 'दोन' खरं धरा."

डॉक्टरांनी खणातून एक तिरपी काच काढली, लाल काचेवर धरली आणि मला न सांगता फिरवली. "आता?"

"लाल खाली गेला, पांढरा तिथंच आहे." त्यांनी पुन्हा फिरवली. "आता वर." हे कुठल्याही पुस्तकात मी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी दिवा मालवला आणि बाहेर येऊन गड्याला हाक मारली, "त्या खाटा पुढच्या खोलीत टाक रे." नथ्थूजींनी दुपट्ट्याने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं.

छपरी पुढे डॉक्टर निवृत्त होईपर्यंत राहिली. माझा डोळा बराच सुधारला. वर्गात आता एकच पोरगं उठायचं, आणि शिस्त बिघडली. डॉक्टर गेल्यावर नथ्थूजी गावी गेले. शिकवून दिलेल्या एका गोऱ्ह्याच्या मालकाने त्यांना आपल्या गोठ्याशेजारी खोली दिली, असं ऐकलं.

त्यानंतर ते मला एकदाच भेटले. लग्न झालं होतं, आम्ही नवराबायको गिरडच्या टेकडीवर गेलो होतो. दिवसभर उन्हात चढउतार करून मी थकलो होतो. परतीच्या प्रवासी मोटारीत बसलो, तर खिडकीबाहेर नथ्थूजी. केस पांढरे, पाठ थोडी वाकलेली. नमस्कार नाही, चौकशी नाही. कमरेची दोरी सोडली, एक टोक माझ्या नाकाशी दिलं आणि दुसरं धरून मागे सरकले. मणी नव्हता, मध्ये त्यांनी बोट धरलं.

"किती?"

मोटार भरलेली. बायको बघत होती. म्हातारा माझ्याकडे आशेने पाहत होता आणि 'दोन' म्हणायला काही लागत नव्हतं. "एक," मी म्हणालो.

"थकले असान," ते म्हणाले. "घाई नाई. मी थांबतो."

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. नथ्थूजी दोरी ताणून उभे राहिले. मी बोटाकडे पाहत राहिलो, आणि सावकाश, पुसट, दुसरी आली. "दोन."

त्यांनी मान हलवली, दोरी गुंडाळली आणि बंडीच्या खिशातून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. बायकोलाही एक दिला.

मोटार सुटली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा थकलेला डावा डोळा पुन्हा सुटला आणि रस्त्यावर मला दोन नथ्थूजी दिसले, शेजारी शेजारी, दोघंही हात वर करून. पूर्वी मला एकच दिसले असते. दोनाचं एक कसं करायचं ते त्यांनीच मला शिकवलं होतं, आणि तेवढं बळ अजून डोळ्यांत होतं. मी ते केलं नाही. धुळीत दिसेनासे होईपर्यंत दोघांनाही बघत राहिलो.